माळ्यावरचं पावणं

फोन उचलल्यावर मिस्त्री ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘घर किती वर्साचं हाय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. पलीकडचा माणूस बिचारा घाबरलेला असायचा. त्याच्या डोक्यावर छतात काहीतरी धडाधड पळत असायचं, बायकापोरं एका खोलीत गोळा झालेली असायची, आणि मिस्त्रींना घराचं वय हवं असायचं. मग कौलं कुठली, आतून फळ्यांची तक्तपोशी मारलीय का, मागं चिंच-फणस काही आहे का, शेजाऱ्याचं छप्पर आपल्या छपराला टेकलंय का. हे सगळं विचारून झाल्यावर, शेवटी, आवाज जरा उतरवून म्हणायचे, ‘बरं, आनि पावणं कुटल्या अंगाला उतरलंय?’

कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. मिस्त्री घरात शिरलेल्या प्राण्याला पावणं म्हणायचे. उदमांजर असो, वटवाघूळ असो, घुबड असो. ‘मी कुनाला धरत न्हाय,’ हे ते प्रत्येक घरात पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचे. ‘मी वाट दावतो. जायाचं का न्हाय ते त्येनं ठरवायचं.’ सापाला ते हात लावत नसत. त्याला सर्पमित्र आहेत म्हणायचे. माकडांनाही नाही. ‘माकडाला काय वाट दावायची? त्येच आपल्याला दावतंय.’

मूळचे ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अर्ध्या बाहीचा खाकी शर्ट, कानावर पेन्सिल आणि खिशात घडीची लाकडी फूटपट्टी सुटली नव्हती. त्या पट्टीवरचा फूट आपल्या फुटापेक्षा सूतभर मोठा होता. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पट्टीच तशी बनवलेली असते. हे आम्हाला उशिरा कळलं. माझ्या नवऱ्यानं एकदा त्यांच्याकडची पट्टी घेऊन खिडकीचं माप काढलं, आणि पडद्याचा रॉड बोटभर तोकडा आला. नवरा तक्रार घेऊन गेला तर मिस्त्री म्हणाले, ‘पट्टी बरोबर हाय. तुमचा रॉड ओतीव न्हाय.’

घरात आले की आधी उंबऱ्यात उभे राहायचे. डोळे मिटून दोन-तीन वेळा नाकानं श्वास घ्यायचे, जणू कुणाच्या घरी जेवायला आलेत आणि बेत काय आहे ते ताडतायत. चहा विचारला तर ‘काम झाल्याबिगर न्हाय’. आणि बोलणं इतकं रोखठोक, की निम्मी माणसं पहिल्या भेटीत दुखावली जायची. आमच्या पेठेत एक वकील आहेत. त्यांच्या घरावरच्या जुन्या लाकडी पाटीमागं वटवाघळं राहायची. वकीलसाहेबांनी शेणीचा, म्हणजे गोवरीचा, धूर केला, मग फटाके लावले, आणि काहीच होईना तेव्हा मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी जळक्या शेणीकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि भर रस्त्यात मोठ्यानं विचारलं, ‘वकीलसाहेब, तुमी कुळाला नोटीस न देता भाईर काडतासा व्हय?’ समोरचा पानवाला हसला. वकील आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे पिल्लं उडती होईपर्यंत त्यांनी पाटीला हात लावला नाही, हेही खरं.

आमची आणि त्यांची ओळख झाली ती माझ्या सासूबाईंमुळे. त्या निपाणीकडच्या. आम्ही सगळे त्यांना आत्तीच म्हणतो. मंगळवार पेठेतलं आमचं घर तेव्हा कौलारू होतं; खाली तीन खोल्या, वर तक्तपोशी आणि तिच्यावर माळा. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी घरावरची कौलं उतरवून पत्रा घालायचं ठरलं. पावसात त्यातल्या दोन खोल्या गळायच्या. ठेकेदाराची माणसं मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती आणि सोमवारी कामाला येणार होती.

त्याच आठवड्यात मला कळलं, की आत्ती रोज संध्याकाळी एका छोट्या पातेल्यात वेगळा भात लावतात. घनसाळचा, आजऱ्याकडून येतो तो वासाचा तांदूळ. सासऱ्यांना जेवणात तोच लागायचा. मला वाटलं, आठवण येत असेल, करू दे. पण एक दिवस मी माळ्याच्या शिडीवर कपड्यांचं बोचकं ठेवायला चढले, तर शेवटच्या पायरीवर वाटीत तो भात आणि शेजारी एक केळं.

‘आत्ती, हे काय?’ मी विचारलं.

त्या म्हणाल्या, ‘दिवेलागनीला वर कोनतरी चालतंय. तू बी ऐकलंयस.’

ऐकलं होतं. आम्ही बोका समजत होतो.

‘आनि वास येतोय बघ. घनसाळाच्या भाताचा. मी चुलीवर काय ठेवलेलं नसताना येतोय. ह्येंच्याशिवाय दुसरं कोन असनार?’

वास मलाही आला होता. खोटं कशाला सांगू, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला, मग हळवा झाला, मग पुन्हा चिडला. त्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी मिस्त्रींचा नंबर दिला.

मिस्त्री आले, उंबऱ्यात उभे राहिले, श्वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. शिडी चढून गेले. शेवटच्या पायरीवर थांबले. वरूनच विचारलं, ‘ह्ये ताट कुनी मांडलंय?’

‘मी,’ आत्ती खालून म्हणाल्या. ‘आमच्या मालकांसाठी.’

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी तिरकं बोलणार. त्यांनी खिशातून पुडी काढून माळ्याच्या तोंडाशी गव्हाचं पीठ पातळ पसरलं, खाली आले आणि आत्तींना एवढंच म्हणाले, ‘उद्या दुपारी माज्यासंगं वर चला. तवर काय ठरवू नका.’

दुसऱ्या दिवशी पिठात पावलं उमटली होती. मिस्त्रींनी मला बोलावून बोटं मोजायला लावली. पाच. ‘मांजराची चार उमटत्यात,’ ते म्हणाले. ‘बाई, शाळंत सांगा पोरास्नी.’ मग त्यांनी बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधला आणि एकोणसत्तर वर्षांच्या आत्तींना, नऊवारीचा काष्टा आवळलेल्या, शिडीवरून वर नेलं. त्यांचा एक पाय पायरीवर टेकेपर्यंत दुसरा उचलू देत नव्हते. मी मागं होते. माळ्याच्या कोपऱ्यात, सासऱ्यांच्या जुन्या गादीच्या कापसात, एक लांबुडकं काळसर जनावर अंग वळवून पडलं होतं. लाल उजेडात दोन डोळे चमकले. पोटाशी काहीतरी हलत होतं.

‘आत्ती,’ मिस्त्री अगदी हळू म्हणाले, ‘ह्यो तुमचा मालक न्हाय. ही बाई हाय. उदमांजर. आनि लेकुरवाळी हाय. वास तिच्या अंगाचाच असतोय.’

आत्ती बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांचा दंड धरला होता. मला वाटलं, आपण हे करायला नको होतं. भात घालू द्यायला हवा होता.

खाली आल्यावर त्या पाटावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. रडल्या का ते मला कळलं नाही. मग विचारलं, ‘पोरं किती?’

‘तीन,’ मिस्त्री म्हणाले.

‘आनि बाप?’

‘ह्येंच्यात बाप नसतोय. एकटीच वाढवती.’

‘मग माजा भात कोन खातंय रोज?’

‘भात उंदीर खात्यात. केळं ही खाती.’

आत्ती हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना तसं, पोटातून, हसताना बघितलं.

संध्याकाळी नवरा आला आणि मग खरी जुंपली. ‘मिस्त्री, सोमवारी माणसं येणार. कौलं उतरायची आहेत.’

‘उतरा की. पोरं कुटं ठेवनार?’

‘पिंजरा आणा. राधानगरीच्या जंगलात सोडून येतो मी स्वतः.’

‘डोळं धड उगाडल्यालं न्हाईत त्येंचं. राधानगरीत दूध कोन पाजनार? तुमी?’

‘किती दिवस थांबायचं मग?’

‘आईच्या मागनं चालत भाईर पडूस्तवर. म्हैना, दीड म्हैना.’

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. ठेकेदार थांबणार नव्हता. त्याचं पुढचं काम सांगलीत होतं, आणि तो गेला की पावसाळ्याआधी परत येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. नवरा म्हणाला, एका रानटी मांजरीसाठी आम्ही अख्खा पावसाळा भिजायचं का? त्याचं चुकत नव्हतं. मीसुद्धा मनातून त्याच्याच बाजूची होते.

तेव्हा आत्ती उठल्या. ‘कौलाला हात लावायचा न्हाय,’ म्हणाल्या. ‘तू व्हायच्या वक्ताला मी बी ह्याच घरात पडून होते. मला कुनी उठवलं न्हवतं.’

ठेकेदार सांगलीला गेला.

त्या दीड महिन्यात मिस्त्री दर चार-पाच दिवसांनी यायचे. त्यांनी सागाच्या फळीचं एक झुलतं दार बनवलं, वीतभर रुंद. बाहेरच्या बाजूला उघडायचं, आत ढकललं तर हलायचं नाही. बिजागरीला इतकं तेल पाजलं होतं की फुंकर मारली तरी हलायचं. आत पिल्लं असेपर्यंत मात्र ते त्यांनी पिशवीतच ठेवलं. आत्ती आणि ते ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायचे. खरं म्हणजे आत्ती बोलायच्या आणि मिस्त्री ‘व्हय, व्हय’ म्हणायचे. मला वाटायचं, किती शांत माणूस आहे.

मार्चअखेरीस एके संध्याकाळी, अजून उजेड होता, आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर दबा धरून बसलो. कौलांच्या फटीतून आई बाहेर आली. तिनं चारी दिशांना नाक फिरवलं. तिच्यामागून एक, दोन, तीन पिल्लं आढ्यावरून एका रांगेत शेजारच्या चिंचेपर्यंत चालत गेली. तिसरं मधेच बसून पाय चाटायला लागलं तर आईनं मागं येऊन त्याला डोक्यानं ढोसलं. आत्तींनी तोंडावर पदर धरला होता. मिस्त्रींनी बोटांनी तीन मोजली, अंधार पडायच्या आत फटीला दार बसवलं, आत पीठ पसरलं आणि गेले.

सकाळी आले ते फट कायमची बुजवायला. आतलं पीठ कोरं होतं. एकही पाऊल नाही. दाराच्या बाहेरच्या बाजूला मात्र नखांचे ओरखडे होते, लाकूड पांढरं पडेपर्यंत.

‘रातीत परत आलती,’ मिस्त्री नवऱ्याला म्हणाले. ‘जुन्या जागंची सवं लागल्याली असती. दोन दिवसांत इसरंल.’ आणि त्यांनी हातोडी उचलली.

आत्ती खाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘वर एक हाय.’

‘न्हाय. पीठ बघा की. तिन्ही गेली. मी मोजल्यात.’

‘मला ऐकू येतंय.’

मिस्त्रींनी तक्तपोशीला कान लावला. बराच वेळ. ‘काय न्हाय,’ म्हणाले. मी लावला तर मला काहीतरी जाणवलं, पण ते रस्त्यावरचंही असेल असं वाटलं. आत्तींनी सूप बाजूला ठेवलं, खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि मान वर करून बोटानं दाखवत गेल्या. ‘डावीकडं. अजून. भिंतीत. खाली आलंय ते.’

नवऱ्यानं कडेची फळी उचकटली. भिंत आणि तक्तपोशीच्या मधल्या खाचेत, मूठभर जागेत, चौथं पिल्लू अडकलं होतं. सगळ्यांत लहान. आवाज इतका बारीक झाला होता की तोंड उघडलेलं दिसत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

मिस्त्रींनी त्याला फडक्यात धरून बाहेर काढलं, वेताच्या बुट्टीत ठेवलं, दार उतरवून पिशवीत घातलं. हे सगळं अगदी व्यवस्थित केलं. मग ओट्यावर बसले ते उठेचनात. आत्तींनी चहा आणून ठेवला.

‘काम झाल्यालं न्हाय,’ ते म्हणाले.

‘मग झाल्यावर घ्या. तवर बसा,’ आत्ती म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

त्या दिवशी मिस्त्रींनी जे सांगितलं ते आम्ही विचारलं नव्हतं. नवीन लग्न झालेलं असताना, त्यांच्या जुन्या घरात, अशीच एक माळ्यावर राहायची. तिची घाण खाली यायची, त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना, उलट्या व्हायच्या. मिस्त्रींनी एक दिवस ती बाहेर गेल्याचं बघून भोक सिमेंटनं बुजवलं. सुबक, गिलावा करून. तीन दिवस ती बाहेरून भिंत खरवडत होती. त्यांना वाटलं, जागेची सवय. काठीनं हाकलली. एकदा दगड मारला, तो तिच्या पायाला लागला, तरी लंगडत आली. चौथ्या दिवशी यायची थांबली. पुढं घरात वास सुटला तेव्हा त्यांनी गिलावा फोडला. आत दोन होती.

‘खरवडल्यालं आजबी दिसलं मला,’ ते म्हणाले. ‘आनि मी पुन्ना त्योच अर्थ लावला. माज्या कानाला आता बारीक ऐकू येत न्हाय, आत्ती. फाउंड्रीत गेलं कान. मी कुनाला सांगितल्यालं न्हाय.’

‘मला ठाव हाय,’ आत्ती म्हणाल्या. ‘दीड म्हैना मी काय बोलले त्यातलं तुमाला एक आक्षर कळल्यालं न्हाय. व्हय व्हय करत बसतासा.’

त्या संध्याकाळी बुट्टी फटीपाशी ठेवून आम्ही पुन्हा गच्चीवर बसलो. ती येईल का, हे मिस्त्रींनाही माहीत नव्हतं. उजेड जात चालला, चिंचेवरचे पक्षी गप्प झाले, आणि ती आली. थेट आली, आजूबाजूला न बघता. पिल्लाला मानगुटीला धरून चिंचेवर गेली. मिस्त्रींनी खाली येऊन सकाळचा, साय धरलेला, गार चहा मागून घेतला आणि एका घोटात प्यायला.

त्या वर्षी पावसाळाभर आम्ही घरावर ताडपत्री बांधून राहिलो. तरी गळायचंच. आत्ती पातेली मांडत फिरायच्या आणि कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, ‘मला बोला काय बोलायचं ते.’

आणि दसऱ्यापासून त्या मिस्त्रींच्या स्कूटरवर मागं बसून जायला लागल्या. त्यांनी स्वतःच मिस्त्रींना सांगितलं होतं, ‘मला बोलवत जावा. तुमी डोळं, मी कान.’ भाभी दोघांचा डबा भरून द्यायच्या आणि आत्तींना बजावायच्या, ‘ह्यांना शिडीवर बोलू देऊ नका. बोलताना हात सोडतात.’ पेठेत बोलणारे बोलले. आत्तींचं म्हणणं, ‘बोलू द्यात. त्यांच्या माळ्यावर काय आलं की त्येच फोन करत्यात.’ आणि तसंच व्हायचं.

एकदा जोतिबावरून बोलावणं आलं. गुलाल-खोबऱ्याचं जुनं दुकान, वर लाकडी पोटमाळा, आणि दुकानदार म्हणे वर नाग आहे, सारखा फुस्करतोय. मिस्त्रींनी फोनवर सर्पमित्राला बोलवायला सांगितलं होतं. सर्पमित्र येऊन काही न सापडता गेला होता. मला सुट्टी होती, मीही गेले. आत्तींनी दुकानात उभं राहून मिनिटभर ऐकलं. ‘नाग न्हवं,’ म्हणाल्या. ‘नाग एकदा फुस्करंल, दोनदा फुस्करंल. ह्ये थांबंनाच झालंय. ही पोरं रडालीत.’

मिस्त्री वर गेले आणि हसत खाली आले. गव्हाणी घुबडाची पाच पिल्लं, एकापेक्षा एक विद्रूप, भूक लागली म्हणून फुस्करत बसलेली. दुकानदाराला हे नागापेक्षा वाईट वाटलं. चैत्र यात्रा तोंडावर आणि दुकानात घुबड! आजच्या आज बाहेर काढा म्हणाला.

‘अंबाबाईच्या जिल्ह्यात ऱ्हातोस आनि लक्ष्मीचं वाहन हाकलतोस व्हय?’ मिस्त्री म्हणाले.

दुकानदारानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘मिस्त्री, आमच्या देवाचं तुमास्नी काय ठाव?’

मिस्त्री गप्प झाले. ऐकू आलं नाही म्हणून गप्प झाले की ऐकू आलं म्हणून, ते मला समजलं नाही. आत्तींना मात्र स्वच्छ ऐकू आलं होतं. ‘त्येस्नी ठाव हाय,’ त्या म्हणाल्या, ‘तुलाच न्हाय. वर खोबऱ्याची पोती हायत न्हवं? उंदरं किती हुती आनि आता किती हायत, त्ये सांग आदी.’

मग त्यानं कबूल केलं, की दोन महिन्यांत पोत्याला भोक पडलेलं नाही. यात्रा झाली, गुलाल उधळला, पिल्लं उडाली. मिस्त्रींनी दुकानामागं वळचणीला एक लाकडी खोकं ठोकून दिलं. पुढच्या वर्षी घुबडं त्या खोक्यात आली आणि दुकानदारानं स्वतः फोन करून सांगितलं. आत्तींना. मिस्त्रींना फोनवरचं ऐकू येईनासं झालं होतं.

मी मिस्त्रींना एकदा आठवीच्या वर्गात बोलावलं होतं. फळ्यापुढं येऊन उभे राहिले. मग विचारलं, ‘तुमच्या घरात तुमच्याबिगर कोन कोन ऱ्हातंय?’ पोरांनी पाली सांगितल्या, मुंग्या, चिमण्या, एकानं आजोबा सांगितले. वर्ग हसला. मिस्त्रींना उत्तरं ऐकू येत नव्हती, ते प्रत्येकाच्या ओठांकडं बघत होते आणि आजोबा म्हणणाऱ्या मुलाला म्हणाले, ‘त्येला बी ऱ्हाऊ द्या.’

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. त्याआधी चार-पाच महिने ते अंथरुणावरच होते. शिडीवरून नाही, न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. जुन्या घराचा जिना अरुंद, म्हणून मुलानं त्या दोघांना आपल्या फ्लॅटवर नेलं होतं. मुलगा चांगला आहे, काळजी घेणारा. आम्ही भेटायला गेलो त्या दिवशी तो जरा वैतागलेला होता. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं होतं आणि त्यांचं लहान पोर दिवसभर धावायचं.

‘सारखं धाडधाड चालू असतं,’ तो आम्हाला म्हणाला. ‘अब्बा आजारी आहेत हे सांगून झालं. आता सोसायटीकडं लेखी तक्रार दिलीय. उद्या मीटिंग आहे.’

मिस्त्री उशीला टेकून त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी आत्तींना खूण केली, काय म्हणतोय? आत्तींनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. मिस्त्रींनी छताकडं बघितलं. पांढरं, सपाट छत. मग म्हणाले, ‘मला काय बी ऐकू येत न्हाय. मला कसला तरास?’ आणि मुलाला, ‘तक्रार परत घे.’

‘अब्बा, तुमच्यासाठीच...’

‘परत घे. आनि त्या पोराला खाली आन. मला बघू दे कसं पळतंय.’

मुलगा नाइलाजानं वर गेला. पाच-दहा मिनिटांनी एक अवघडलेली तरुण आई दोन-अडीच वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आली. ती माफी मागायच्या तयारीनंच आली होती. भाभींनी तिला बसवलं आणि पोराच्या हातात बिस्कीट दिलं. त्यानं ते घेतलं, खाली उतरलं, खोलीतल्या सगळ्यांकडं बघितलं आणि पळायला सुरुवात केली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. फरशीवर पावलं धपाधप आपटत होती. आईनं त्याला धरायला हात पुढं केला, तर आत्तींनी तिचा हात खाली घेतला.

मिस्त्रींनी पलंगाच्या लोखंडी कडेवर तळहात पालथा टेकवला होता. पोर धावलं की पलंग जरासा हादरायचा, आणि त्यांचा चेहरा उजळायचा. एका फेरीत पोर मधेच थांबलं आणि हातातलं बिस्कीट त्यांच्यापुढं धरून उभं राहिलं.

‘पळ की रं,’ मिस्त्री म्हणाले. ‘थांबलास का?’